११ महिन्यांनी पुन्हा दारू : ताण, दाह आणि मेंदूतील संदेशवहन यांविषयी एक प्रश्न

रातवा :

नमस्कार. माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे आणि चाकणजवळच्या एका कारखान्यात सीएनसी यंत्रावर काम करत होता. गेल्या वर्षी तो व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून आला आणि त्यानंतर ११ महिने त्याने दारूला हात लावला नाही. दर आठवड्याला तो फॉलो-अपला जात होता, त्याचे वजन वाढले होते, आणि मुलीच्या शाळेतल्या पालकसभेला तो पहिल्यांदाच स्वतःहून गेला होता. जूनमध्ये त्याला कामावरून कमी केल्याचे पत्र मिळाले. त्या संध्याकाळी घरी आल्यावर आईने त्याच्यापुढे चहा ठेवला. तो बशीच्या कडेवरून अंगठा फिरवत अर्धा तास नुसता बसून राहिला. चहावर साय धरली, आणि मग "जरा जाऊन येतो" एवढेच म्हणून तो उठला. परत आला तेव्हा तो पिऊन आला होता.

तेव्हापासून घरात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते, ती म्हणजे त्याने मनावर घेतले असते तर हे झाले नसते. त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी मला थोडक्यात सांगितले की वर्षानुवर्षांच्या दारूने मेंदूतली ताणाची यंत्रणाच बदललेली असते, शरीरात दाह असतो, आणि या दोन्हींचे संदेश व्यसनाच्या संदेशांत गुंतलेले असतात. बाहेर रुग्णांची रांग होती, त्यामुळे मला अधिक विचारता आले नाही. ११ महिने दारू शरीरात गेली नाही, तरीही मेंदू पूर्ववत का झाला नसावा? आणि दाहाचा याच्याशी नेमका संबंध काय? एका नातेवाइकांनी दाह कमी करणाऱ्या हळदीच्या गोळ्या आणून दिल्या आहेत, त्या द्याव्यात का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

सूक्ष्मदर्शी :

आपल्या भावाविषयी वाचून वाईट वाटले. मी काही वर्षे ताणाचा मेंदूवर होणारा परिणाम अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाविषयी लिहितो. दाहाविषयी एखाद्या डॉक्टरांनी लिहिलेले बरे.

या विषयात ज्याचे नाव सतत निघते तो सीआरएफ (कॉर्टिकोट्रोपिन-रिलीजिंग फॅक्टर) हा ४१ अमिनो आम्लांचा, ताणाचा निरोप नेणारा रेणू १९८१ साली कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत वायली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या मेंदूतून वेगळा केला. संकट जाणवले की हायपोथॅलॅमसमधून सीआरएफ स्रवतो, तो पिट्युटरी ग्रंथीला जागे करतो, पिट्युटरीच्या संप्रेरकाने मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात, आणि कॉर्टिसॉल पुरेसे झाले की तेच मेंदूला थांबण्याचा निरोप देते. ही साखळी बहुतेकांनी शाळेत वाचलेली असते. तिच्यात न सांगितली जाणारी गोष्ट अशी की हाच सीआरएफ मेंदूच्या इतर भागांतही, विशेषतः भीती आणि धोका ओळखणाऱ्या अमिग्डलामध्ये, एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे निरोप नेतो, आणि तिथला कारभार कॉर्टिसॉलने आटोक्यात येत नाही. दारूची सवय लावलेल्या उंदरांची दारू बंद केली की त्यांच्या अमिग्डलातील सीआरएफ वाढतो. व्यसनाचे अभ्यासक जॉर्ज कूब यांनी अनेक वर्षे हाच धागा धरून मांडले आहे की व्यसन मुरल्यावर माणूस सुखासाठी पीत नाही. न पिताना होणारी घालमेल सोसवत नाही, म्हणून पितो. त्या घालमेलीत डायनॉर्फिन नावाच्या दुसऱ्या रेणूचाही वाटा असतो. तो मेंदूत तयार होणाऱ्या अफूसदृश रेणूंपैकीच एक आहे, परंतु पेशीवरच्या ज्या 'कप्पा' नावाच्या ग्राहीवर (निरोप स्वीकारणाऱ्या जागेवर) तो बसतो, तिथून सुखाऐवजी बेचैनी निर्माण होते, आणि ताणात तो अधिक स्रवतो.

आता ११ महिन्यांविषयी. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पांढऱ्या उंदरांना १० दिवस रोज २ तास हालचाल करता येणार नाही असे जखडून ठेवले, आणि नंतर त्यांच्या मेंदूतील पेशींच्या शाखा मोजल्या. स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या शाखा आखडल्या होत्या, तर अमिग्डलातल्या पेशींच्या शाखा वाढल्या होत्या. त्याच गटाने पुढे असेही दाखवले की ताण थांबवून २१ दिवस उंदरांना स्वस्थ ठेवले, तर हिप्पोकॅम्पस सावरतो, पण अमिग्डलातली वाढ तशीच राहते आणि उंदरांची भीतीही तशीच राहते.

अशा पेशी मी स्वतः मोजल्या आहेत. गोल्जी पद्धतीने रंगवलेल्या कापात शंभरातल्या काही मोजक्याच पेशी रंगतात, पण ज्या रंगतात त्या बुंध्यापासून टोकापर्यंत काळ्या दिसतात. पिवळसर काचेवर निष्पर्ण बाभूळ रेखाटावी तशी एकेक पेशी समोर येते. सूक्ष्मदर्शकाला आरसा जोडून आपण तिची प्रत्येक फांदी कागदावर पेन्सिलीने गिरवतो, आणि काच कोणत्या उंदराची आहे हे त्या वेळी आपल्याला सांगितलेले नसते. खुणा उघडल्यावर ताण दिलेल्या उंदरांचे कागद एका बाजूला आणि इतरांचे दुसऱ्या बाजूला ठेवले, तेव्हा काहीही न मोजता नुसत्या डोळ्यांनी फरक कळत होता. त्या दिवसापासून "मनावर घ्यायला हवे होते" हे वाक्य मला उच्चारता आलेले नाही.

आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील आहे. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. मेंदूच्या न्यूक्लियस अॅक्युम्बन्स या भागात सीआरएफ सोडला, तर ताण न भोगलेल्या उंदरात तिथले डोपामिन, म्हणजे हवेसेपणाचा निरोप नेणारा रेणू, वाढते आणि पिंजऱ्याच्या ज्या कप्प्यात हा अनुभव आला त्याकडे तो ओढीने जातो. थोडेसे आव्हान, थोडी नवलाई आपल्याला हवीशी वाटते, त्यामागे असेच काही असावे. पण तशाच उंदरांना २ दिवस वारंवार पाण्यात पोहायला लावून तीव्र ताण दिला, की तोच रेणू त्याच ठिकाणी सोडूनही डोपामिन वाढत नाही आणि उंदीर त्या कप्प्यापासून दूर पळतो. हा बदल किमान ९० दिवस टिकला. उंदराचे आयुष्य साधारण २ वर्षांचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे ९० दिवस किती मोठे ते कळेल. उंदराचे दिवस माणसाच्या महिन्यांत भागाकार करून काढता येत नाहीत आणि तसे मी म्हणत नाही. परंतु दारू रक्तातून जाणे आणि इशाऱ्याची यंत्रणा पूर्वपदावर येणे या दोन घटनांची घड्याळे वेगळी आहेत, एवढे यातून निश्चित दिसते.

मग सीआरएफ अडवणारे औषध का नाही, असे आपण विचाराल. ते करून पाहिले आहे. दारूवर अवलंबून असलेल्या उंदरांमध्ये अशा औषधांनी पिणे कमी झाले होते, म्हणून सर्वांना मोठी आशा होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी पेक्सासरफाँट आणि व्हेरुसरफाँट या दोन औषधांच्या चाचण्या व्यसनाधीन स्त्री-पुरुषांवर घेतल्या. त्यांचे निष्कर्ष २०१५ आणि २०१६ मध्ये आले, आणि पिण्याची ओढ कमी झाली नाही. मला व्यक्तिशः ही या क्षेत्रातली सर्वांत शिकवणारी घटना वाटते, कारण उंदराच्या अमिग्डलात जो खटका एकच दिसतो, तो माणसात अनेक ठिकाणी वाटलेला असावा.

कोयनाकाठ :

वरील प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझे वडील दारूने गेले, म्हणून हा विषय माझ्याही घरातला आहे आणि म्हणूनच एक शंका मांडतो. मेंदूच बदलला आहे असे एकदा सांगितले की पिणाऱ्याला आणि घरच्यांना, दोघांनाही हात टेकण्याची मुभा मिळते. माझ्या वडिलांनी "माझ्या रक्तातच आहे" हे वाक्य २० वर्षे वापरले.

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्या सैनिकांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनाधीन झाले, आणि ३ वर्षांत सुमारे १२ टक्के, तेही बहुधा थोड्या काळापुरते. मेंदूतला बदल इतका चिवट असेल, तर या सैनिकांच्या मेंदूंचे काय झाले? की खरा फरक पेशींपेक्षा परिस्थितीने पडतो?

सूक्ष्मदर्शी :

आपली शंका रास्त आहे आणि रॉबिन्स यांचे आकडे बरोबर आहेत. पण ते सैनिक हेरॉइन मागे टाकून आले तेव्हा युद्धही मागे टाकून आले होते. ज्या छावणीत, ज्या सोबत्यांबरोबर, ज्या भीतीत ते हेरॉइन घेत होते, त्यातले काहीच ओहायोतल्या किंवा मिसुरीतल्या त्यांच्या गावी नव्हते. रातवा यांच्या भावाने फक्त दारू सोडली. रस्ता तोच, कोपऱ्यावरचे दुकान तेच, आणि त्यावर नोकरी गेल्याचे पत्र.

याला प्रयोगशाळेतले समांतर उदाहरण आहे. यविन शाहम आणि जेन स्ट्युअर्ट यांनी १९९५ साली माँट्रियलमध्ये असे दाखवले की हेरॉइनसाठी पट्टी दाबायला शिकलेल्या उंदरांचे हेरॉइन पूर्ण बंद करून, पट्टी दाबून काहीच मिळत नाही हे त्यांच्या अंगवळणी पाडले आणि मग त्यांच्या पायांना थोडा वेळ विजेचे हलके झटके दिले, तर ते पुन्हा ती पट्टी दाबू लागतात. पट्टी तिथे नसती, तर झटक्यानंतरही दाबायला काही नव्हते. म्हणून पेशी आणि परिस्थिती यांतले एक निवडण्याची गरज मला वाटत नाही. बदललेली यंत्रणा ताणाने जागी होते आणि मग जे हाताशी असेल तिकडे हात जातो. वडिलांच्या वाक्याविषयी मी काही बोलणे योग्य नाही; मात्र मेंदू बदलला आहे म्हणजे तो पुन्हा बदलणार नाही, असा अर्थ या संशोधनातून निघत नाही.

उपळाई :

मी सोलापूर जिल्ह्यात २६ वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो. दाहाविषयी, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा चेतलेली असण्याविषयी, लिहितो.

ताप आला की आपण पांघरूण ओढून पडून राहतो, जेवण नको वाटते, कोणाशी बोलावेसे वाटत नाही. हा अशक्तपणा आहे असे आपण समजतो, पण बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली मांडले की ही शरीराने आखलेली वागणूक आहे. संसर्गाशी लढणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाचे रेणू सोडतात, त्यांचा निरोप रक्तातून आणि व्हेगस नसेतून मेंदूपर्यंत पोचतो, आणि मेंदू शक्ती वाचवण्यासाठी माणसाला झोपवतो. हाच निरोप महिनोन् महिने येत राहिला, तर तो उदासीसारखा दिसतो. हिपॅटायटिस सीसाठी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने देत असत. इंटरफेरॉन हाही सायटोकाइनच. माझ्याकडचा एक हसरा, बोलका शेतकरी त्या उपचाराच्या तिसऱ्या महिन्यात बायकोच्या आधाराने दवाखान्यात आला, बाकावर भिंतीकडे तोंड करून बसला आणि नाव पुकारल्यावरही उठला नाही. घरात काही घडले नव्हते, कर्ज नव्हते. इंजेक्शने संपल्यावर काही महिन्यांनी तो पुन्हा पहिल्यासारखा झाला. तेव्हापासून मी मनाचे आणि शरीराचे वेगळे खाते ठेवत नाही.

दारूचा मार्ग आतड्यातून जातो. दीर्घकाळच्या दारूने आतड्याचे अस्तर सैल पडते, जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे रक्तात जातात, यकृत आणि प्रतिकारपेशी चेतवल्या जातात, आणि पुढे मेंदूतल्या मायक्रोग्लिया या रक्षक पेशीही सजग होतात. बेल्जियममध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दारू सोडून ३ आठवडे झाल्यावरही ज्यांच्या आतड्याचे अस्तर सैलच राहिले होते, त्यांच्यात उदासी, चिंता आणि पिण्याची ओढ इतरांपेक्षा अधिक आढळली. दाह आणि ओढ यांचा संबंध आहे तो असा.

परंतु संबंध आहे म्हणून दाह कमी करणारी कोणतीही गोळी उपयोगी पडेल, असे मात्र नाही. अटलांटातल्या एमरी विद्यापीठात औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या प्रभावी दाहरोधक औषधाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ साली आले. सर्वांचा एकत्र विचार करता औषध आणि खोटे औषध यांत फरक दिसला नाही. ज्यांच्या रक्तातला सीआरपी हा दाहाचा निर्देशक दर लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर होता, त्यांच्यात औषधाकडे कल दिसला. ज्यांचा कमी होता, त्यांना खोट्या औषधानेच अधिक बरे वाटले. म्हणजे ज्याच्यात दाह नाही त्याचा दाह कमी करून काही साधत नाही. ही नैराश्यावरची चाचणी होती, दारूवरची नव्हे, हेही लक्षात घ्यावे.

हळदीच्या गोळ्यांविषयी स्पष्ट सांगतो : देऊ नका. भाजीतल्या हळदीविषयी मी बोलत नाही. हळदीतले कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषले जाते, म्हणून या गोळ्यांत मात्रा खूप वाढवतात आणि शोषण वाढवण्यासाठी मिऱ्यातले पिपरिन घालतात. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत झालेल्या आहेत. आपल्या भावाचे यकृत आधीच दारूने शिणलेले असणार. त्यापेक्षा यकृताच्या तपासण्या करून घ्या आणि त्याच्या डॉक्टरांना विचारून थायमिन सुरू करा, कारण पिणाऱ्यांमध्ये या जीवनसत्त्वाची कमतरता मेंदूला थेट इजा करते.

पायरी :

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे. शास्त्र वर आले आहे, म्हणून तातडीचे तेवढे लिहिते.

रातवा, तुमचा भाऊ जूनपासून रोज पीत असेल, तर त्याला घरात कोंडून एकदम दारू बंद करू नका. दारू मेंदूला शांत करणाऱ्या संदेशांचा जोर वाढवते, आणि मेंदू त्याची भरपाई म्हणून उत्तेजित करणारे संदेश वाढवतो. दारू अचानक काढून घेतली की ही वाढलेली उत्तेजना उघडी पडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, ताप, प्रचंड थरथर होऊ शकते. त्यात माणूस दगावू शकतो. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे असतात.

दुसरे, "पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती वर्तमानपत्रांत आणि एसटीच्या थांब्यांवर असतात. कोणी तशी पावडर आणून दिली, तर ती अन्नात मिसळू नका. तिच्यात डायसल्फिरॅम हे दारूबरोबर तीव्र त्रास घडवणारे औषध असेल आणि त्यावर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि त्याला सर्व कल्पना देऊनच घ्यायचे असते. माझ्यासमोर एक आई रडत बसली होती, कारण तिने आमटीत पावडर टाकली आणि मुलगा अतिदक्षता विभागात पोचला. मुलगा वाचला, पण त्यानंतर तो घरात जेवेना.

सीआरएफवरची औषधे जमली नाहीत, हे वर वाचले. पण नाल्ट्रेक्सोन १९९४ पासून दारूसाठी मान्यताप्राप्त आहे, अकॅम्प्रोसेटही आहे, आणि दोन्ही आपल्याकडे मिळतात. त्यांनी सर्वांची दारू सुटते असे नाही, परंतु अनेकांचे पिणे कमी होते. डॉक्टरांना विचारा. आपल्या देशात अडचण औषधाच्या आधीच सुरू होते. दिल्लीच्या एम्समधील केंद्राने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा २०१९ चा अहवाल सांगतो की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळालेला असतो. तुमचा भाऊ त्या एकांपैकी आहे, आणि त्याचे केंद्र त्याला ओळखते. त्याला तिथेच न्या. केंद्र दूर पडत असेल, तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६.

अजून एक विचारते. पत्र आले त्याच्या आधीच्या दिवसांत त्याची झोप कशी होती? आम्ही स्लिप झालेल्या, म्हणजे सोडल्यावर पुन्हा प्यालेल्या, प्रत्येकाला हे विचारतो.

रातवा :

सर्वांचे मनापासून आभार. गोळ्या नातेवाइकांना परत केल्या.

काल रात्री मी भावाला हे सगळे मोठ्याने वाचून दाखवले. तो ओट्याला टेकून उभा होता. ९० दिवसांच्या प्रयोगापाशी त्याने मला थांबवले आणि तो परिच्छेद पुन्हा वाचायला सांगितला. मग पायरी ताईंचा झोपेविषयीचा प्रश्न मी त्याला विचारला. तो म्हणाला, "पत्राच्या आधी नऊ रात्री मला झोप नव्हती. कारखान्यात कुजबुज सुरू झाली होती. पहाटे तीनला उठून मी गॅलरीत उभा राहायचो आणि समोरच्या वाइन शॉपचे शटर बघायचो. कोणी विचारले असते तर सांगितले असते."

आम्हा सर्वांना वाटत होते की ते पत्राच्या संध्याकाळी सुरू झाले. त्याच्या शेजारच्या खोलीत मी झोपतो, आणि मला त्या नऊ रात्रींतली एकही माहीत नव्हती.

सध्या तो रोज पीत आहे, म्हणून पायरी ताईंनी लिहिल्याप्रमाणे आज सकाळी केंद्राला फोन केला. त्यांनी गुरुवारी दाखल व्हायला सांगितले आहे, आणि तोपर्यंत पिणे एकदम बंद न करता फिट किंवा भ्रमाचे लक्षण दिसताच जवळच्या रुग्णालयात न्यायला सांगितले आहे. तोवर मी त्याच्याच खोलीत झोपणार आहे.